सावकार दाराशी, भागीदार माजघरात

आम्हा मराठी लेखकांवर सावकाराचे मोठे उपकार आहेत. तो नसता तर आमच्या निम्म्या कादंबऱ्यांना खलपुरुषच मिळाला नसता. कपाळाला गंध, मांडीवर चोपडी, हातात कर्जखत आणि नजर विधवेच्या दोन बिघे जमिनीवर. एवढे लिहिले की वाचकाच्या मुठी आपोआप वळतात, पुढचे काम त्याचा तोच करतो. बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ पडद्यावर आणला तो १९२५ साली. त्याला शंभर वर्षे झाली, पण सावकार आमच्या मनाच्या पडद्यावरून काही हललेला नाही. त्याला कारणही तसेच आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जखतांच्या होळ्या पेटवल्या. १८७९ साली सरकारला दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी खास कायदा करावा लागला. ते दुःख खरे होते आणि तो संतापही खरा होता.

परंतु वाचकहो, भागीदाराने बुडवल्याची हकीकत आपल्यापैकी कोणाच्या घरी सांगितली जात नाही? ‘आजोबांचा चांगला चालता छापखाना होता, पण भागीदाराने...’ असे म्हणून पुढे नुसता सुस्कारा टाकायचा, ही रीत घरोघर आहे. तरीही भागीदारावर कोणी कादंबरी लिहिली नाही. सावकार दाराशी येतो, तारखेला येतो, चारचौघांत तगादा लावतो; त्यामुळे त्याचे क्रौर्य दिसते. भागीदार माजघरात बसतो, आपल्या ताटाशेजारी त्याचे ताट असते, आणि तो कधीच उठून जात नाही. त्याचे नाटक होत नाही, एवढेच.

घरच्या कर्जाची ही भीती आपण आता कंपन्यांच्या कारभाराला लावू लागलो आहोत, आणि माझे भांडण आहे ते त्याच्याशी. ‘अमुक कंपनी कर्जमुक्त झाली’ असा मथळा वर्तमानपत्रात आला की एखादा थोर पुरुष निर्व्यसनी झाल्यासारखा आनंद आपल्याला होतो. उलट टोकाला दुसरा एक पंथ निघाला आहे. हे गृहस्थ गुळगुळीत कागदावर आलेख काढून सांगतात की धंदा नेहमी दुसऱ्याच्या पैशावर करावा, कर्ज स्वस्त आणि भागीदार महाग. एकाचे सोवळे आणि दुसऱ्याची हुशारी, दोन्ही माझ्या मते सारखीच पोकळ आहेत. मी काही अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मुलांना चक्रवाढ व्याज शिकवून पोट भरणारा मास्तर आहे. पण बुडतात ते पैसे माझ्यासारख्यांचेच असतात, तेव्हा बोलण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो.

कर्जमुक्तीचे उदाहरण ताजे आणि सर्वांना ठाऊक असलेले घेऊ. मार्च २०२० अखेर रिलायन्स कंपनीवर हाताशी असलेली रोकड वजा जाता १ लाख ६१ हजार ३५ कोटी रुपयांचे कर्ज होते. पुढच्या ५८ दिवसांत कंपनीने १ लाख ६८ हजार ८१८ कोटी उभे केले आणि जूनमध्ये निव्वळ कर्ज संपल्याची घोषणा केली. वा! पण हे पैसे आले कोठून? ५३ हजार १२४ कोटी जुन्या भागधारकांना नवे भाग देऊ करून, आणि उरलेले जिओमध्ये बाहेरचे भागीदार घेऊन. एकट्या फेसबुकने ९.९९ टक्के हिश्शासाठी ४३ हजार ५७४ कोटी मोजले. हा व्यवहार वाईट होता असे मी म्हणत नाही. बहुधा फार शहाणपणाचा होता. माझे म्हणणे एवढेच, की सावकार उठून गेला म्हणून जागा रिकामी झाली नाही. तेथे भागीदार येऊन बसला. व्याज थांबले, वाटा सुरू झाला. तारीख गेली, ‘कायमचे’ आले. याला ‘मुक्ती’ हा मोक्षमार्गातला शब्द वापरणे म्हणजे भाषेवर अत्याचार आहे.

येत्या लक्ष्मीपूजनाला ज्यांच्या घरी वह्यांची पूजा होते त्यांनी जरा वही उघडून पाहावी. धंद्यात मालकाने घातलेले भांडवल कोणत्या बाजूला लिहिलेले असते? देण्याच्या. हिशेब शिकणारा प्रत्येक मुलगा येथे अडतो. ‘गुरुजी, भांडवल तर आपले, मग ते देणे कसे?’ याला जुन्या मुनीमजींचे उत्तर असे की, बाळ, दुकान वेगळे आणि धनी वेगळा. दुकान धन्याचे देणे लागते. सगळ्या प्रश्नाची किल्ली या उत्तरात आहे. कंपनी सावकाराचे देणे लागते आणि भागधारकाचेही देणे लागते. सावकाराचे देणे तारखेचे आणि ठरीव, भागधारकाचे बिनतारखेचे आणि उरेल तेवढे. फुकटचा पैसा वहीत कोठेच नसतो.

आता दुसऱ्या पंथाचा हिशेब तपासू. समजा, कोल्हापुरात एक ओतशाळा काढायची आहे आणि एक कोट रुपये हवेत. सारे भागभांडवलाने उभे केले आणि वर्षाला २० लाख नफा झाला, तर सुमारे पाव हिस्सा कर जाऊन १५ लाख उरले. शेकडा १५. आता निम्मे, म्हणजे ५० लाख, दहा टक्के व्याजाने कर्ज काढले असते तर? व्याजाचे ५ लाख गेले, राहिले १५ लाख; त्यावर पावणेचार लाख कर; उरले सव्वाअकरा लाख. पण आता मालकांचे पैसे ५० लाखच गुंतलेले. म्हणजे शेकडा साडेबावीस! हा आकडा पाहिला की आलेखवाल्यांचे डोळे चमकतात. पण ओतशाळेला वाईट वर्षेही येतात. मागणी घटली, वीज महागली, आणि नफा ४ लाखांवर आला म्हणू. कर्ज नसते तर कर भरून ३ लाख उरले असते; कमी, पण चूल पेटती राहिली असती. कर्ज असेल तर व्याजच ५ लाख, म्हणजे एक लाखाची खोट. अशी तीन वर्षे सलग आली की बँकेचा माणूस भट्टीला टाळे लावायला हजर. कर्जाने चांगले वर्ष अधिक चांगले होते आणि वाईट वर्ष अधिक वाईट होते. स्वस्ताईचा मंत्र याहून जास्त काही सांगत नाही.

आणि ही स्वस्ताई येते कोठून, हेही पाहा. व्याज हा कंपनीचा खर्च धरतात, म्हणून त्यावर कर लागत नाही. लाभांश मात्र कर भरून उरलेल्या नफ्यातून द्यायचा, आणि २०२० पासून तो ज्याच्या हाती पडतो त्याच्या उत्पन्नातही मोजला जाऊन त्यावर पुन्हा कर. म्हणजे सरकार एका हाताने सांगते, जपून असा, कर्जात बुडू नका; आणि दुसऱ्या हाताने कर्ज काढणाऱ्याच्या पाठीवर थाप मारते. आमच्याकडे ऋण काढून सण करणाऱ्याला वेडा म्हणतात. कंपनीने ऋण काढले तर करसवलत मिळते.

अमेरिकेत मोदिग्लियानी आणि मिलर नावाच्या दोन प्राध्यापकांनी १९५८ साली असे सिद्ध करून दाखवले, की कर नसतील, दिवाळे नसेल आणि सर्वांना सर्व माहिती असेल, तर कंपनीने कर्ज घेतले काय नि भाग विकले काय, तिची किंमत तीच राहते. भोपळा कसाही चिरा, भाजी तेवढीच. पुढे दोघांनाही नोबेल मिळाले, एकाला १९८५ साली आणि दुसऱ्याला १९९० साली. माझ्यासारख्याला त्यातले ‘नसतील तर’ एवढेच महत्त्वाचे वाटते. कर आहेत, दिवाळी आहे तसे दिवाळेही आहे, आणि माहिती तर नेहमी विकणाऱ्याकडेच असते. म्हणून निवड कशी केली यालाच सारे महत्त्व. वाईट वर्ष आले तर ते कोणाच्या अंगावर घालायचे, आणि माजघरात कोणाला येऊ द्यायचे, हे त्या निवडीने ठरते.

हा विचार प्रामाणिकपणे केला म्हणजे काय होते ते साकचीच्या पोलादाच्या कारखान्यात दिसते. जमशेटजी टाटा १९०४ साली वारले. मुलांनी आधी लंडनच्या पैसेवाल्यांकडे हात पसरला. तेथे बोलणी फिसकटली. तेव्हा १९०७ साली, स्वदेशीच्या भर लाटेत, त्यांनी मुंबईत भाग विक्रीला काढले. तीन आठवड्यांत १६ लाख ३० हजार पौंडांचे भांडवल जमा झाले, आणि ते देणारे सुमारे आठ हजार लोक सारे हिंदी होते. (त्याच काळात आपल्याकडे अंताजी दामोदर काळे पैसा पैसा गोळा करीत गावोगाव हिंडत होते, त्या पैसा फंडातून तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. तो पैसा ना कर्जाचा, ना भागाचा. त्याला आपल्या भाषेत वर्गणी म्हणतात आणि ती परत मागायची नसते.) टाटांचे भाग घेतलेल्या आठ हजारांपैकी कित्येकांनी पोलादाची भट्टी चित्रातही पाहिली नसेल. पण त्यांना सांगितले गेले ते खरे होते: हा कारखाना आहे, चालेल किंवा चालणार नाही, चालला तर तुमचाही आहे.

येथे क्षणभर थांबून विचार करा. पहिले पोलाद निघाले ते १९१२ साली. म्हणजे चांगली साडेचार वर्षे जंगल तोडणे, रेल्वे टाकणे, भट्ट्या बांधणे, आणि उत्पन्न शून्य. हे सारे कर्जावर केले असते तर पहिली लादी बाहेर पडण्यापूर्वीच व्याजाने कारखाना गिळला असता. ज्या धंद्याचे फळ कधी येईल ते सांगता येत नाही त्याला धीर धरणारा पैसा लागतो, आणि धीर फक्त भागीदाराजवळ असतो. कर्जरोखे त्यांनी काढले, पण पुढे, खेळत्या भांडवलासाठी. ते चार लाख पौंडांचे रोखे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी एकट्याने घेतले. आधी भाग, मग कर्ज; आणि कर्ज तेव्हा, जेव्हा ते फेडण्याचे साधन डोळ्यांसमोर उभे राहिले आहे. याला मी घरंदाज कारभार म्हणतो.

पण कथेचा कस लागतो तो उत्तरार्धात. पहिल्या महायुद्धानंतर कारखान्याने मोठा विस्तार हाती घेतला. खर्च वाढले, परदेशी पोलाद स्वस्त येऊ लागले, आणि १९२४ साली पगाराला पैसे नाहीत अशी वेळ आली. तेव्हा दोराबजी टाटांनी आपली खाजगी मत्ता, सुमारे एक कोट रुपयांची, इंपीरियल बँकेकडे गहाण टाकली. त्यात पत्नी मेहेरबाई यांचे दागिने होते आणि तो प्रसिद्ध ज्युबिली हिराही होता. त्या काळचे एक कोट! कंपनीच्या कर्जासाठी धन्याच्या बायकोचे दागिने. कंपनी कायद्याने त्यांना असे करण्यास कोणी भाग पाडले नव्हते. मर्यादित जबाबदारीची कंपनी म्हणतात ती याचसाठी, की कंपनी बुडाली तरी भागधारकाच्या घरातली कढई कोणी उचलू नये. पण ज्याने कारखाना चालवला त्याने वाईट वर्षाचा पहिला घाव स्वतःवर घेतला. त्याच वर्षी सरकारने पोलादाला संरक्षक जकात दिली आणि कारखाना तगला.

वाचकहो, ती इंपीरियल बँक लक्षात ठेवा. १९५५ साली तिचीच स्टेट बँक झाली. आणि आता ८७ वर्षे पुढे या.

२०११ च्या वसंतात याच स्टेट बँकेच्या पुढारपणाखाली काही बँकांनी किंगफिशर या विमान कंपनीला दिलेल्या कर्जाचा काही भाग रद्द करून त्याच्या बदल्यात कंपनीचे भाग घेतले. भाव किती? ६४ रुपये ४८ पैसे. बाजारात तोच भाग चाळीसच्या आसपास मिळत होता! आपल्या मंडईतली कोणती गृहिणी चाळीसची मेथी चौसष्टला घेईल? या कंपनीची विमाने २००५ साली उडू लागली, आणि वर्षाच्या हिशेबात नफा म्हणून तिला कधी दिसला नाही. तारण म्हणून बँकांकडे काय होते? इतर वस्तूंबरोबर कंपनीचे नाव आणि बोधचिन्ह. ज्युबिली हिरा नव्हे, पक्ष्याचे चित्र! ऑक्टोबर २०१२ मध्ये विमाने जमिनीवर बसली ती बसलीच. २०१६ साली ते नाव आणि चित्र लिलावात काढले, तेव्हा एकाही इसमाने बोली लावली नाही. धनी त्याच वर्षीच्या मार्चमध्ये विलायतेस निघून गेला होता. त्याच्या इतर कंपन्यांतले तारण पडलेले भाग विकून बँकांनी पुढे बरीच वसुली केली, हे न्यायासाठी सांगितले पाहिजे. पण पगाराविना राहिलेल्या नोकरांना त्याचा काय उपयोग?

आता निवडीच्या दृष्टीने पाहा. विमानाचा धंदा म्हणजे तेलाचा भाव आकाशात आणि तिकिटाचा भाव जमिनीवर. याहून अनिश्चित दुसरे काय असणार? अशा धंद्याला धीराचा पैसा हवा होता, आणि काढले डोंगराएवढे कर्ज. का? मोठ्या प्रमाणावर नवे भाग विकले तर नवे भागीदार येतात. भागीदार सभेत उभा राहून विचारतो की अजून नफा का नाही, ही मेजवानी कोणाच्या खर्चाने, हे दुसरे विमान कशाला. कर्ज देणारा सरकारी बँकेचा अधिकारी असे विचारीत नाही; पैसे त्याचे नसतात. ते तुमचेआमचे असतात, आणि आपण तर तेथे साडेसहा टक्क्यांवर ठेव ठेवून निश्चिंत झोपलेलो. धन्याला पैसा हवा होता पण प्रश्न नको होते, म्हणून त्याने कर्ज निवडले. आणि शेवटी बँकांना भागीदार केले ते कधी, तर माजघरातली भांडीही विकून झाल्यावर.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, हे बड्यांचे खेळ. आपल्या घरी याचा काय संबंध? संबंध कसा येतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मधल्या सुट्टीत आमच्या शिक्षकांच्या खोलीत एक टायवाले तरुण गृहस्थ रोखे घेऊन आले होते. संस्थेचे नाव घेत नाही. घेण्याने काही साधणार नाही. बँकेपेक्षा दोन टक्के जास्त व्याज, ‘ठेवीसारखेच समजा, सर’. आमच्या भूगोलाच्या बाई निवृत्तीला आलेल्या, हाताशी फंडाचे पैसे येणार होते. त्यांनी चष्मा पुसत विचारले, “अहो, संस्थेला खूप नफा झाला तर आम्हाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त काय?” “नाही मॅडम, व्याज ठरलेले असते.” “बरं, आणि संस्था बुडाली तर?” गृहस्थ हसले. “असं होत नसतं, मॅडम.” “होत नसतं ते ठीक. पण झालं तर आमचा नंबर कितवा?” त्यांना सांगता आले नाही. त्यांनी माहितीपत्रक उलटेसुलटे केले, घंटा झाली, बाई सहावी ‘ब’वर निघून गेल्या. पैसे त्यांनी दिले नाहीत. आमच्यापैकी दोघांनी दिले, आणि त्यांची मुद्दलही पुरती परत आली नाही.

बाईंचा तो प्रश्न, ‘आमचा नंबर कितवा’, हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे. कर्ज देणाऱ्याला व्याज कमी मिळते ते एका अटीवर: बुडताना त्याने आधी बाहेर पडायचे, भागधारकाने शेवटी. २०१६ च्या दिवाळखोरीच्या कायद्यातही हाच क्रम आहे. तारणवाले कर्जदाते आणि कामगारांची मागची दोन वर्षांची देणी वरच्या पायरीवर, बिनतारणी धनको खाली, आणि भागधारक तळाशी. हा शतकांचा करार आहे. आणि तो आपल्या देशात कसा उलटा झाला ते ऐका.

येस बँकेने २०१६ आणि २०१७ साली काही रोखे विकले. एकूण ८,४१५ कोटींचे, साडेनऊ व नऊ टक्के व्याजाचे. या रोख्यांना परतफेडीची तारीख नव्हती, आणि बँक संकटात आली तर ते सपशेल पुसून टाकता येतील असे कलम त्यांत होते. म्हणजे धोका भागीदाराचा आणि मोबदला सावकाराचा. अर्धनारीनटेश्वर म्हणावे तर तेही नव्हे, कारण त्यात दोन्ही अर्धी देवाचीच असतात. हे रोखे घेणाऱ्यांत बड्या संस्था होत्या, तशाच बँकेच्या स्वतःच्या गिऱ्हाइकांपैकी हजाराच्या वर व्यक्तीही होत्या. मार्च २०२० मध्ये बँक डबघाईला आली आणि ८,४१५ कोटी एका रात्रीत पुसले गेले. शून्य. भागधारकांचे भाग मात्र, उतरलेल्या किमतीचे का होईना, खात्यावर राहिले! ज्याने आधी बाहेर पडायचे तो बुडाला आणि ज्याने शेवटी बुडायचे तो काठावर. सेबीने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नियम केला की असले रोखे सामान्य माणसाला विकू नयेत, आणि २०२१ साली विक्रीच्या पद्धतीबद्दल बँकेला २५ कोटींचा दंड ठोठावला. बँक अपिलात गेली. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रोखे पुसण्याचा निर्णय रद्द केला आणि प्रकरण दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेले. कायद्याचा कीस तेथे पडो. मला एवढेच विचारायचे आहे, की विकतेवेळी ‘तुमचा नंबर भागधारकाच्याही खाली लागू शकतो’ हे वाक्य मराठीत, मोठ्या अक्षरांत छापायला किती शाई लागली असती?

स्ट्युअर्ट मायर्स या अमेरिकन अध्यापकाने १९८४ साली लिहिले आहे की कंपन्या आधी घरचा साठा वापरतात, मग कर्ज काढतात, आणि अगदी शेवटी नवे भाग विकतात. कारण धनी आपले भाग विकायला निघाला की ते महाग झाले असावेत असा संशय घेणाऱ्यास येतो. नियम म्हणून ठीक आहे. पण ज्यांच्याकडे घरचा साठा नाही आणि गहाण टाकायला यंत्रही नाही, नुसते डोके आहे, त्यांनी काय करावे? १९८१ साली पुण्यात इन्फोसिस सुरू झाली ती सुधा मूर्तींनी दिलेल्या दहा हजार रुपयांवर. १९९३ साली कंपनीने ९५ रुपयांना भाग विक्रीस काढला, तेव्हा तो पुरता खपलादेखील नाही. त्या वर्षी आपण सारे काय करीत होतो? ठरीव व्याजाच्या शोधात होतो. भागीदार व्हा म्हटले की आपण मागे सरतो, आणि कर्जरोख्यावर ‘भागीदाराइतका धोका’ असे बारीक अक्षरात छापलेले असले की दोन टक्क्यांसाठी रांग लावतो. हे मी उपहासाने लिहीत नाही. भीती कशाची धरावी हेच आपल्याला कोणी शिकवलेले नाही, आणि याला आमची शाळाही जबाबदार आहे. सरळव्याज-चक्रवाढव्याज शिकवतो आम्ही. नंबर कितवा, हे नाही शिकवत.

आता आपल्या अंगणातले, आणि सर्वांत जाचणारे. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला. शेतकऱ्यांनी दागिने मोडून, बैल विकून भाग घेतले. त्या भरवशावर औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिले. पुन्हा तोच घरंदाज क्रम: आधी स्वतःचे, मग उसने. त्या कारखान्याने एका दुष्काळी टापूचे नशीब पालटले. पण या व्यवस्थेत एक खोच होती. एका सभासदाला एकच मत, आणि भाग बाजारात विकता येत नाही. तत्त्व म्हणून हे उदात्त खरे; पण त्यामुळे पुढे विस्तारासाठी नवा भागीदार आणण्याची वाट बंद झाली. उरले कर्ज. मग जिल्हा बँकेचे कर्ज, राज्य बँकेचे कर्ज, त्यावर सरकारची हमी; आणि शिवाय उसाच्या बिलातून कपात. या कपातीला काय नाव दिले माहीत आहे? ‘बिनपरतीची ठेव’!

मी भाषेचा माणूस. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तो मुलांना व्याकरणात उदाहरण म्हणून द्यावा की काय, असा विचार करीत बसलो होतो. जी परत मिळत नाही ती ठेव कशी? परत मिळत नसेल तर ते भागभांडवल आहे, मग भागाचा दाखला द्या, वाढीव हक्क द्या. ठेव असेल तर तारीख द्या, व्याज द्या. यांनी दोन्हींतले देणे टाळले आणि दोन्हींतले घेणे साधले. येस बँकेच्या रोख्यांच्या कितीतरी आधी आमच्या ऊस पट्ट्याने हा शोध लावला होता, हे सांगताना अभिमान वाटावा की लाज, मला कळत नाही.

पुढचे आपण पाहिलेच. २०११ च्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त झाले. कर्जे थकलेले कितीतरी कारखाने लिलावात निघाले आणि खाजगी कंपन्यांच्या हाती गेले. सरकारने दिलेल्या हमीचा बोजा सर्वांच्या करातून फिटला. त्या कारखान्याच्या एखाद्या म्हाताऱ्या सभासदाची स्थिती पाहा. भाग घेतला म्हणून तो मालक होता, बिलातून कपात झाली म्हणून धनको होता, ऊस घातला म्हणून पुरवठादार होता, कर भरला म्हणून हमीदारही होता. चार नात्यांनी तो त्या कारखान्याशी बांधलेला, आणि लिलावाच्या दिवशी बँकेचे देणे वळते झाल्यावर चारींतल्या एकाही नात्याने त्याच्या हाती काही पडले नाही. त्या म्हाताऱ्याच्या ट्रंकेत भागाचा दाखला अजून आहे, कपातीच्या पावत्याही आहेत. कारखान्याच्या कमानीवर नवे नाव रंगवलेले आहे, आणि गळीत सुरू झाले की तो ऊस तेथेच घालतो, कारण वीस कोसांत दुसरा कारखाना नाही.